गाडी न विकता स्पोर्ट्स कारमध्ये लहान पोरं आणि कार सीट कशा बसवायच्या

पोर झालं की पहिला सल्ला येतो तो गाडी विकायचा. सासरे सांगतात, ऑफिसातले सांगतात, ज्यांनी जन्मात दोन दारांची गाडी चालवली नाही ते तर जरा जास्तच हक्काने सांगतात. मी यूकेत राहतो, आमच्याकडे सेकंड हँड पोर्श ९११ आहे, ९९७ पिढीतली, आणि मागे चार वर्षांची मुलगी आणि तिचा तान्हा भाऊ असे दोघं आपापल्या सीटमध्ये बसतात. पुण्याहून, म्युनिकहून, न्यू जर्सीहून ओळखीतले लोक विचारत असतात की अरे बसवतोस कसं, म्हणून एकदाच सगळं लिहून काढतो.

एक आधीच सांगतो, प्रत्येक गाडीत हे जमत नाही आणि जिथे जमत नाही तिथे ओढूनताणून जमवायचं पण नाही. क्रम असा ठेवायचा की आधी कार सीट, म्हणजे पोराला बांधायची वेगळी सीट, नीट बसली पाहिजे, मग ड्रायव्हर नीट बसला पाहिजे, आणि उरलेल्या जागेत बाकीच्यांनी आपलं बघून घ्यायचं. लोक बरोब्बर उलटं करतात, आधी दोघं मोठे ऐसपैस बसतात आणि मग मागे जी फट राहिली त्यात कार सीट कोंबायला बघतात, आणि नाही बसली की गाडीच्या नावाने खडे फोडतात.

आधी तुमची गाडी कुठल्या जातीची ते बघा

दोनच सीटवाल्या गाड्या वेगळ्या, म्हणजे माझ्दा एमएक्स-५, बॉक्सस्टर, केमन वगैरे, तिथे पोर पुढेच बसणार आणि सगळा खेळ एअरबॅगचा, त्याबद्दल खाली लिहिलंय. मग येतात टू प्लस टू, ९११, टोयोटा जीटी८६, ऑडी टीटी, निसान जीटी-आर, यांच्यात मागे दोन सीट असतात पण मोठा माणूस बसला तर गुडघे कानाला लागतात. आणि तिसऱ्या म्हणजे दोन दारांच्या पण मागे बऱ्यापैकी जागा असलेल्या, बीएमडब्ल्यू एम४, फोर्ड मस्टँग. अजून घेतली नसेल आणि मुलं डोळ्यासमोर ठेवून घ्यायची असेल तर माझं मत तिसऱ्या गटाकडे झुकतं, किंवा मग जुनी माझ्दा आरएक्स-८ सापडली तर बघा, २००३ ते २०१२ या काळात ती बनत होती, तिला मागे छोटी उलटी उघडणारी दारं आहेत आणि मध्ये खांबच नाही, दोन्ही दारं उघडली की सगळी बाजू मोकळी, कार सीट सरळ आत. तिचं रोटरी इंजिन पेट्रोल किती पितं आणि ऑइल किती खातं तो वेगळा विषय, तो तुमचा तुम्ही बघा.

जागा मोठी म्हणजे गाडी मुलांसाठी चांगली असं मात्र धरून चालू नका. मस्टँगला युरो एनकॅपने, म्हणजे युरोपात गाड्या धडकवून मार्क देणाऱ्या संस्थेने, जानेवारी २०१७ मध्ये पाचपैकी २ स्टार दिले होते आणि मुलांच्या सुरक्षेचे मार्क होते ३२ टक्के. नंतर त्याच वर्षी सुधारलेल्या मॉडेलला ३ स्टार मिळाले. आणि बऱ्याच स्पोर्ट्स कार एनकॅप टेस्टच करत नाही, त्यामुळे तिथे असे मार्क बघायलाच मिळत नाहीत, सीट नीट बसवणं हेच आपल्या हातात उरतं.

९११ घेणाऱ्यांनी अजून एक बघायचं. २०२४ च्या फेसलिफ्टपासून, म्हणजे मॉडेलची डागडुजी झाली तेव्हापासून, नव्या ९११ कुपे (पक्क्या छपराच्या) मुळात टू सीटर म्हणून येतात, मागच्या सीट हव्या असतील तर ऑर्डर देतानाच सांगायच्या, त्याचे जादा पैसे नाहीत पण सांगायला विसरलात तर मागे नुसतं कार्पेट. गंमत म्हणजे त्याच वेळी जीटी३ टूरिंगला, म्हणजे ९११ च्याच शर्यतीच्या वळणाच्या मॉडेलला, पहिल्यांदा मागच्या सीटचा ऑप्शन आला, म्हणजे जीटी३ वाल्यांना पण पोरं असतात हे कंपनीला उशिरा का होईना कळलं. सेकंड हँड घेत असाल तर पुढच्या सीट बघा. फिक्स बकेट सीट असतील, पाठ पुढे पडत नसेल, तर मागे जायचा रस्ताच बंद. साध्या, पाठ पुढे पडणाऱ्या सीट दिसायला मवाळ वाटतात, पण बाप झाल्यावर त्याच हव्यात.

मॅन्युअल वाचा, हो खरंच वाचा

ग्लव्ह बॉक्समधलं ते जाडजूड पुस्तक. त्यात कार सीटच्या पानावर एक तक्ता असतो, कुठल्या जागेवर कुठल्या वजनाच्या किंवा उंचीच्या मुलाची सीट चालते, पुढे, मागे डावीकडे, मागे उजवीकडे. एक्स लिहिलं असेल तर तिथे नाही म्हणजे नाही. यू म्हणजे बेल्टने बांधायची कुठलीही युनिव्हर्सल सीट चालेल. आय-यू दिसलं तर लॉटरी लागली, ती जागा आय-साइझची, म्हणजे कार सीटच्या नव्या युरोपियन नियमातल्या सीटसाठी पास केलेली आहे, पण टू प्लस टू गाडीत हे क्वचित.

आयसोफिक्स आहे का ते पण तिथेच कळतं. आयसोफिक्स म्हणजे सीटच्या पाठीच्या आणि बुडाच्या मधल्या खाचेत गाडीच्या सांगाड्याला जोडलेले दोन लोखंडी आकडे, एकमेकांपासून २८ सेंटीमीटरवर. बोटं घालून चाचपून बघा, कधी कधी लेदरच्या मागे अगदी आत लपलेले असतात. जुन्या ९११ मध्ये मागे सापडतीलच असं नाही, आणि नसले तरी जीव टाकायचं कारण नाही, बेल्टने नीट बांधलेली सीट घट्टच बसते, फक्त बांधायला अक्कल आणि घाम दोन्ही लागतं.

दुकानांच्या वेबसाइटवर गाडीचं नाव टाकून सीट शोधायची सोय असते. त्यात तुमचं मॉडेल, वर्ष, कुपे का कॅब्रिओलेट (उघडणाऱ्या छपराची), हे सगळं जुळलं तरच विश्वास ठेवा. सपोर्ट लेगवाल्या, म्हणजे गाडीच्या जमिनीवर टेकणारा पाय असलेल्या, बऱ्याच सीट फक्त यादीतल्या गाड्यांसाठीच पास केलेल्या असतात आणि त्या यादीत स्पोर्ट्स कार शोधायची म्हणजे लग्नाच्या पंगतीत उपाशी माणूस शोधण्यासारखं.

माप घ्यायचं ते असं

टेप घेऊन गाडीत बसा. पहिलं, तुम्ही रोज चालवता तशी ड्रायव्हर सीट लावा, पाय क्लचवर पूर्ण दाबून, मनगट स्टिअरिंगच्या वरच्या कडेवर टेकेल अशी, आणि मग ती हलवायची नाही. तिच्या पाठीपासून मागच्या सीटच्या पाठीपर्यंत किती अंतर उरतं ते लिहा. दुसऱ्या बाजूला पुढची सीट जेवढी पुढे घेऊन तिच्यात बसणारा माणूस सहन करू शकेल तेवढी घ्या आणि तेच माप. मग मागच्या सीटची रुंदी, पण वरून नाही, खाली बूड टेकतं तिथे, कारण ९११ ची मागची सीट खोलगट आहे आणि दोन्ही बाजूंना उंचवटे आहेत. आय-साइझच्या सीट रुंदीला जास्तीत जास्त ४४ सेंटीमीटर असतात, तुमची खोबण त्याहून अरुंद असेल तर सीट उंचवट्यांवर तरंगेल आणि कितीही ओढा, डुगडुगणार.

मग छत. फास्टबॅक गाडीत मागे काच उतरती असते, आत्ता पोराचं डोकं कुठे येतं आणि हेडरेस्ट वर केल्यावर कुठे येईल ते बघा. आणि शेवटचं माप जे कोणीच घेत नाही ते म्हणजे दार उघडून पुढची सीट पाडल्यावर आत जायला जी फट राहते ती. सीट आत मावते पण आत जातच नाही अशी अवस्था मी लोकांची बघितलीय. सोपा उपाय, कार सीट ज्या मापाची घ्यायचीय त्या मापाचा पुठ्ठ्याचा खोका करा आणि तो आत घालून बघा, ऑनलाइन मागवून परत पाठवण्यापेक्षा हे बरं. त्याहून चांगलं म्हणजे गाडी घेऊन सरळ दुकानात जा, काही दुकानांतली माणसं पार्किंगमध्ये येऊन सीट लावून दाखवतात, तुम्ही फक्त पाहिजे तेवढा वेळ घ्या, लाजू नका.

कुठली सीट घ्यायची

अगदी लहान बाळासाठी बादलीसारखी उचलता येणारी, बेस नसलेली, बेल्टने बांधायची रिअर फेसिंग, म्हणजे मागे तोंड करून बसवायची सीट. बेसवाली, म्हणजे गाडीत वेगळा पाया लावून त्यावर अडकवायची, घेऊ नका, बेसमुळे सीट वर उचलली जाते, पुढेही येते, आणि टू प्लस टूमध्ये नेमकं तेच परवडत नाही. विकत घ्यायच्या आधी गाडीचा बेल्ट तेवढा लांब आहे का ते बघा, कारण या सीटला बेल्ट पूर्ण वळसा घालून जातो आणि स्पोर्ट्स कारचे मागचे बेल्ट कधी कधी आखूड असतात.

त्यानंतरची पायरी सगळ्यात अवघड. आर१२९ म्हणजे आय-साइझच्या नियमात १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड करूनच बसवायचं, आणि शक्य असेल तर त्यानंतरही जितकं जास्त तितकं चांगलं, कारण समोरून धडक बसली तर डोकं, मान, पाठ सगळं सीटच्या पाठीत दाबलं जातं, नाजूक मानेला झटका बसत नाही. पण मोठी रिअर फेसिंग सीट ९११ मध्ये मागे लावली म्हणजे पुढच्या माणसाचं नाक डॅशबोर्डला. आणि त्या ३६० अंशात फिरणाऱ्या सीट, ज्या सगळ्या मैत्रिणींकडे असतात म्हणून बायकोला पण हव्या असतात, त्या विसरा. वजनाला दगड, उंच, आणि फिरवायच्या कुठे, दोन दारांच्या गाडीत दार मागे नाहीच तर फिरवून तोंड कुणाकडे करणार.

पुढे तोंड करून बसवायची वेळ आली की गोष्टी एकदम सोप्या होतात. अरुंद, शेल कडक आणि पातळ असलेल्या सीट शोधा, भरपूर गादीवाल्या नकोत. पोर्श स्वतःच्या टेक्विपमेंट नावाखाली कार सीट विकते, महाग आहेत पण गाडीत बसतील म्हणून त्याच कंपनीने सांगितलेलं असतं, सेकंड हँड बाजारात भाव बघून मोह होतो, पण ज्या सीटचा इतिहास माहीत नाही, आधी अपघातात होती की नव्हती कळत नाही, ती फुकट मिळाली तरी घेऊ नका.

बूस्टरच्या (पोराला उंच करून गाडीचाच बेल्ट नीट बसवणाऱ्या सीटच्या) वयात, म्हणजे साधारण चार वर्षांनंतर, पाठ असलेला हाय बॅक बूस्टर घ्या. जागा नाही म्हणून नुसता बुडाखालचा बूस्टर घेतात लोक, तो यूकेत मार्च २०१७ पासूनच्या नव्या नियमाने १२५ सेंटीमीटरपेक्षा उंच आणि २२ किलोपेक्षा जास्त वजनाच्या मुलांसाठीच पास होतो. यूकेत १२ वर्षं किंवा १३५ सेंटीमीटर, जे आधी होईल तोपर्यंत कार सीट लागते, जर्मनीत तीच उंची १५० आहे.

प्रत्यक्ष बसवायचं

कॅब्रिओलेट असेल तर तुम्ही नशीबवान, छप्पर उघडा, बाहेर उभं राहून वरून सीट आत सोडा, वरूनच दाबा, पाठ शाबूत. हिवाळ्यात बाळाला आत ठेवायला पण हीच युक्ती, शेजारी बघतात, बघू देत.

कुपेवाल्यांनी आधी मागच्या सीटची पाठ नीट उभी लॉक झालीय का ते ओढून बघायचं. ९११ च्या पाठी सामान ठेवायला पडतात आणि खटका अर्धवट लागला तर कळत नाही, आणि तुम्ही त्याच्यावर पोर बांधणार असता. मग पुढची सीट पूर्ण पुढे, पाठ पाडलेली, कार सीटचं हेडरेस्ट निघत असेल तर काढून घ्या आणि सीट आडवी करून, बूड आधी, असं तिरकं आत न्या. आत गेल्यावर सरळ करा. चढताना दाराच्या खालच्या पट्टीवर सीटचं प्लास्टिक घासतं, तिथे जुना टॉवेल टाका.

आता घट्ट करणं. मोठ्या गाडीत माणूस सीटवर गुडघा टेकून वजन टाकतो, इथे गुडघा टेकायला जागाच नाही. मी काय करतो, शेजारच्या मागच्या सीटवर अंग चोरून आडवा बसतो, डावा हात कोपरापासून कार सीटच्या बुडात दाबतो आणि उजव्या हाताने बेल्टचा सैल भाग ओढत जातो, आधी कमरेचा, मग खांद्याचा. एकदा ओढून थांबायचं नाही, दाबा, ओढा, परत दाबा. मग जिथून बेल्ट सीटमधून जातो तिथे धरून डावीकडे उजवीकडे हलवायचं, अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त हलली तर झालं नाही. वरच्या टोकाला धरून हलवू नका, तिथे ती हलणारच.

इथेच एक गोष्ट नीट वाका आणि बघा. स्पोर्ट्स कारमध्ये मागच्या बेल्टचं बकल बऱ्याचदा लांब दांडीवर उंच असतं. कार सीट बांधल्यावर ते बकल सीटच्या प्लास्टिकच्या कडेवर येऊन बसतं, म्हणजे बेल्ट ओढला जातो एका बाजूने आणि बकलच्या मध्यावर खालून प्लास्टिक दाबतं. वरून सगळं घट्ट वाटतं, क्लिक पण ऐकू आलेलं असतं, पण धडकेत सगळा ताण त्या वाकलेल्या बकलवर येतो आणि ते तुटू किंवा उघडू शकतं. बकल कडेच्या खाली तरी राहिलं पाहिजे किंवा पूर्ण मोकळं सरळ रेषेत तरी. नसेल होत तर ती सीट त्या गाडीची नाही, दुसरी बघा. बकलची दांडी पिळून आखूड करायचा सल्ला यूट्यूबवर मिळतो, गाडीच्या आणि सीटच्या दोन्ही मॅन्युअलनी स्पष्ट सांगितलं नसेल तर त्याच्या वाटेला जाऊ नका.

आयसोफिक्सची सीट असेल तर दोन आकडे लावून काम संपत नाही, सीट पुढे डोकावू नये म्हणून तिसरा आधार लागतोच, टॉप टेदर (सीटच्या वरून मागे गाडीला अडकवायचा पट्टा) नाहीतर सपोर्ट लेग. टेदरचा पट्टा गाडीने त्यासाठी दिलेल्या कड्यातच अडकवायचा, सामान बांधायची कडी दिसायला तशीच असते पण ती त्या ताकदीची नसते. सपोर्ट लेगचा पाय सपाट, टणक जमिनीवर टेकला पाहिजे. गाडीच्या मधोमध जमिनीला जो उंचवटा असतो त्याच्या उतारावर टेकला, किंवा खाली पोकळ झाकण असलेल्या कप्प्यावर टेकला, तर तो आधार नुसता दिसण्यापुरता.

बाळाचा कोन

तान्ह्या बाळाच्या बाबतीत मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हे. स्पोर्ट्स कारची मागची सीट पाठीकडे खूप उतरती असते, त्यामुळे मागे तोंड केलेली कार सीट मूळ कोनापेक्षा जास्त उभी होते. बाळाची मान अजून धरलेली नसते, झोपलं की डोकं पुढे पडतं आणि हनुवटी छातीला टेकते, तशात श्वासाची वाट बारीक होते. रडत नाही, शांत झोपलंय असं वाटतं. म्हणून सीटच्या कडेला जी कोनाची खूण किंवा बुडबुडा असतो तो गाडी सपाट रस्त्यावर उभी करून बघायचा, घरासमोरच्या चढावर नाही. गुंडाळलेला टॉवेल खाली देऊन कोन सुधारता येतो, पण सीटच्या कंपनीने चालेल म्हटलं असेल तरच. नाही म्हटलं असेल आणि कोन येत नसेल तर पहिले काही महिने बाळ दुसऱ्या गाडीतून न्या, ९११ कुठे पळून जात नाही. कोन बरोबर असला तरी बाळाला सलग दोन तासांपेक्षा जास्त कार सीटमध्ये ठेवायचं नाही, नवजात असेल तर अर्ध्या तासावर थांबून उचलून घ्यायचं.

हार्नेस, म्हणजे कार सीटचे स्वतःचे पट्टे, बांधताना जाड जॅकेट काढा. इकडच्या थंडीत आजी लोकांचा जीव कासावीस होतो, पण जॅकेटच्या आतली हवा धडकेत दाबली जाते आणि पट्टा सैल पडतो. बांधा, मग वरून पांघरूण घाला. पट्ट्याची चिमूट खांद्यापाशी धरता आली तर अजून ओढायचा बाकी आहे.

दोन सीटवाल्या गाड्या आणि एअरबॅग

पुढच्या सीटवर मागे तोंड केलेली कार सीट आणि समोर चालू एअरबॅग, हे कधीही नाही, कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत पण नाही. डोळ्याची पापणी लवायच्या आत एअरबॅग सीटच्या पाठीवर, म्हणजे बाळाच्या डोक्यामागेच आदळते. यूकेत हा कायद्याने गुन्हा पण आहे.

एअरबॅग बंद करायची सोय गाडीगाडीत वेगळी. कुठे दार उघडल्यावर डॅशबोर्डच्या कडेला किल्लीने फिरवायचा स्विच असतो, कुठे ग्लव्ह बॉक्समध्ये. पोर्शमध्ये पुढच्या सीटला आयसोफिक्स आणि हा स्विच काही वर्षांच्या मॉडेलना ऑप्शन म्हणून यायचे, तुमच्या गाडीत आहे का ते मॅन्युअल आणि डॅशबोर्ड दोन्हीकडे बघा. अमेरिकेत बऱ्याच गाड्यांत स्विच नसतो, सीटमधला सेन्सर वजन ओळखून स्वतः ठरवतो. जुन्या मर्सिडीज एसएलकेमध्ये तर अजब प्रकार आहे, ट्रान्सपॉन्डर (गाडीला ओळख पटवणारी चिप) बसवलेली खास मर्सिडीजची कार सीट ठेवली तरच एअरबॅग बंद होते, दुसरी कुठलीही ठेवली की चालूच राहते. काहीही असो, गाडी चालू केल्यावर एअरबॅग बंद असल्याचा दिवा पेटलेला डोळ्यांनी बघायचा, आणि मोठं माणूस परत बसलं की आठवणीने चालू करायची. स्विच नाही, सेन्सर नाही, अशी जुनी टू सीटर असेल तर तिच्यात बाळ न्यायचं नाही, विषय संपला.

मोठं मूल पुढे तोंड करून बसवत असाल तर मॅन्युअल जे म्हणतं ते करा, आणि सीट रुळावर जितकी मागे जाते तितकी मागे घ्या.

कोण कुठे बसणार

आमच्याकडे बाळ पॅसेंजरच्या मागे, कारण तीच सीट पुढे ढकलता येते, आणि मुलगी माझ्या मागे. मी काही फार उंच नाही म्हणून चालतं. सहा फुटी ड्रायव्हरच्या मागे पोराच्या पायांना जागा उरत नाही आणि मग ते वैतागून पाठीत लाथा मारतं. चौघं जायचं असेल तर बुटक्या माणसाने पुढे बसायचं, आमच्याकडे तो मान बायकोचा आणि ती दर वेळी मला ऐकवतेच. खरं सांगायचं तर एक मोठा आणि दोन पोरं हे गणित या गाडीत उत्तम बसतं, दोन मोठे आणि दोन पोरं हे थोड्या अंतरापुरतंच. भारतातून आई आली होती तेव्हा तिने आत डोकावून एवढंच म्हटलं, “अरे, ही गाडी आहे का खणाचा डबा?”

मेमरी सीट असेल तर एक काम आजच करा. बऱ्याच गाड्यांत किल्लीने दार उघडलं की ड्रायव्हर सीट आपोआप त्या किल्लीसाठी साठवलेल्या जागेवर सरकते. मागे पोर बसलेलं असताना मोटर सीट मागे रेटत नेते आणि तिला कळत नाही की मध्ये कुणाचे पाय आहेत. हे आपोआप सरकणं सेटिंगमध्ये जाऊन बंद करा, आणि पोरांना सीटच्या बटणांपासून लांब ठेवा.

रिअर फेसिंग सीट पुढच्या सीटला टेकली तर चालते का, हे सीटची कंपनी सांगते, काही टेकू द्या म्हणतात, काही अंतर ठेवा म्हणतात. अंदाजाने ठरवू नका.

रोजचं जगणं

दोन दारांच्या गाडीची दारं लांब असतात, त्यामुळे साध्या पार्किंगच्या चौकटीत दार पूर्ण उघडत नाही आणि अर्धवट दारातून बाळ काढणं म्हणजे कसरत. सुपरमार्केटमध्ये मुलं असलेल्यांची रुंद जागा बघा, नाहीतर शेवटची, एका बाजूला भिंत नसलेली. शेजारच्याला ठोकायची भीती वाटत असेल तर आधी पोरं उतरवा आणि मग गाडी आत घाला, दुसऱ्या मोठ्या माणसाने तोवर त्यांचे हात धरायचे.

९११ चं सामान पुढच्या बॉनेटखाली, नव्या मॉडेलमध्ये जेमतेम १३० लिटर. स्ट्रोलर विमानाच्या केबिनमध्ये जातात तसल्या मापाचा घ्या, बेबीझेन योयोची घडी ५२ बाय ४४ बाय १८ सेंटीमीटर होते, पण तुमच्या बॉनेटखाली आडवा जातो की उभा ते प्रत्यक्ष घालून बघूनच पैसे द्या. फोर व्हील ड्राइव्ह मॉडेलला पुढची जागा अजून कमी असू शकते.

लेदरवर कार सीटचे वळ उठतात, उठू देत. जाड सीट प्रोटेक्टर खाली घातला तर सीट घट्ट बसत नाही, म्हणून एक पातळ सुती कापड पुरे. खाण्याच्या बाबतीत आमचा नियम, गाडीत शंकरपाळे आणि चिवडा बंद. तुकडे सीटच्या रुळात जातात आणि तिथून ते फक्त व्हॅक्यूम क्लीनरला आणि देवाला दिसतात. लहानग्यांना शेंगदाणे तर चालत्या गाडीत नकोतच, मागे घास अडकला तर या गाडीत तुम्ही पटकन पोचू शकत नाही.

मागच्या खिडक्या छोट्या आणि पोर खोलगट सीटमध्ये, बाहेरचं दिसत नाही, त्यामुळे गाडी लागते. वळणावर जोर लावायची हौस पोरं असताना आवरा, ब्रेक आधी आणि हळू, गिअर मऊ. उतरत्या काचेतून उन्हाळ्यात ऊन थेट डोक्यावर येतं, तिथे जाळीची सनशेड लावा. आवाजाचं म्हणाल तर ९११ चं इंजिन त्यांच्या पाठीमागेच आहे, आमचं बाळ त्या घरघरीवर झोपतं, पण स्पोर्ट एग्झॉस्टचं बटण बंद.

पहिल्यांदा कुठे लांब जायच्या आधी एक रंगीत तालीम करा. फक्त डाव्या दारातून दोन्ही पोरं बाहेर काढून बघा, मग फक्त उजव्या. अपघातात एक दार जाम होऊ शकतं आणि मागच्यांना स्वतःचं दार नाही, त्या वेळी कुठला हार्नेस आधी सोडायचा हे हाताला माहीत असलेलं बरं. छोटी-मोठी का होईना, ठोकर झालीच तर कार सीट बदलायची की नाही ते सीटच्या कंपनीचं पत्रक बघून ठरवा, इन्शुरन्सवाल्यांकडून तिचे पैसे मागायला विसरू नका.

भारतातल्या वाचकांसाठी

मोटर वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने १९४ब कलम आलं, १४ वर्षांखालचं मूल बेल्ट किंवा चाइल्ड सीटशिवाय असेल तर १००० रुपये दंड. दंड कितीही असो, एक्सप्रेसवेवर पुढच्या सीटवर आईच्या मांडीवर बाळ ही पद्धत स्पोर्ट्स कारमध्ये तर अजिबात नको, एअरबॅग आणि आई यांच्यामध्ये बाळ सापडतं. सीट घेताना भारतीय एआयएस-०७२ किंवा युरोपियन आर४४, आर१२९ या नियमाचा शिक्का बघा, नारिंगी स्टिकर असतो तो युरोपियन, यातलं काहीच नसेल तर नुसती गादी.

आणि तुमच्याकडे ९११ नाही पण तीन दारांची थार आहे, तर वरचं जवळजवळ सगळं तुम्हालाही लागू, पुढची सीट पाडून मागे जायची तीच कटकट. २०२० ची थार ग्लोबल एनकॅपमध्ये मोठ्यांसाठी आणि मुलांसाठी दोन्हीत ४ स्टार मिळवून गेली, पण ती मागे समोर तोंड असलेल्या सीटची गाडी होती. सुरुवातीला मागे आडव्या, बाजूला तोंड करून बसायच्या बेंचची पण थार यायची, तसली असेल तर त्या बेंचवर कुठलीही कार सीट लावायची नाही, बेल्टने बांधून पण नाही, दोरीने तर नाहीच.